अफूचे व्यसन : कामिनी विद्रावण रस व ब्युप्रेनॉर्फिन (खानदेश)

अफूची तलफ भागवण्यासाठी परस्पर घेतली जाणारी आयुर्वेदिक गोळी आणि त्याच व्यसनावर मानसोपचारतज्ज्ञ लिहून देतात ते औषध, यांची तुलना.

कामिनी विद्रावण रस : ‘भैषज्यरत्नावली’तील वीर्यस्तंभक योग. घटक : अक्कलकारा, सुंठ, लवंग, केशर, पिंपळी, जायफळ, जायपत्री, चंदन, शुद्ध हिंगूळ, शुद्ध गंधक व अहिफेन, म्हणजे अफू. वजनात सर्वांत मोठा वाटा अफूचा. हिंगूळ हे पाऱ्याचे खनिज असल्याने दीर्घकाळ सेवन करणाऱ्यास पाऱ्याच्या विषबाधेचा धोका वेगळा. औषधे नियम, १९४५ (पूर्वीचे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) यांच्या अनुसूची ई-१ मध्ये अहिफेन विषारी द्रव्यांत मोडते. वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना बंधनकारक आहे. तरीही जडीबुटी म्हणून ही गोळी निर्धास्तपणे घेतली जाते. तलफ शमते ती गोळीतल्या अफूनेच. गोळी चुकली की जांभया, नाकाडोळ्यांना पाणी, अंगदुखी व जुलाब सुरू होतात. ऑस्ट्रेलियातही या गोळीच्या आहारी गेलेल्या रुग्णांची नोंद आहे.

ब्युप्रेनॉर्फिन : अफूतीलच थिबाईन या अल्कलॉइडपासून बनवतात. गोळी जिभेखाली विरघळवतात. अफू मेंदूतील ज्या म्यू ग्राहींवर काम करते, त्यांना ते अंशतःच उद्दीपित करते. मात्रा वाढवली तरी परिणाम एका मर्यादेपुढे वाढत नाही. अफू सोडल्याचा त्रास सुरू झाल्यावरच पहिली गोळी देतात. घाई केल्यास तोच त्रास एकदम उसळतो. टोचून घेण्यास आळा बसावा म्हणून ते नॅलॉक्सोन या अफूविरोधी औषधासह (२ : ०.५ मिग्रॅ.) मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००५ पासून समावेश.

खानदेश : परवान्याची अफूशेती मंदसौर–नीमच पट्ट्यात होते, तर मध्य प्रदेशातून येणारा मुंबई–आग्रा महामार्ग धुळ्यात सुरत–नागपूर महामार्गाला मिळतो. धुळे–मालेगाव भागात कोडीनयुक्त खोकल्याचे औषध व ‘कुत्ता गोळी’ (अल्प्राझोलाम हे शामक) यांचाही नशेसाठी वापर होतो. कुत्ता गोळी ब्युप्रेनॉर्फिनसोबत घेतल्यास श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. म्हणून उपचारापूर्वी तिची चौकशी आवश्यक.

कळंब : सातपुड्यातील वृक्ष. परदेशात अफूला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या क्रॅटम या झाडाच्याच प्रजातीतला, पण जाती वेगळी. एकाचे गुण दुसऱ्यास लावू नयेत.

मेथाडोन : याच व्यसनावरचे दुसरे औषध; भारतात मोजक्या केंद्रांत मिळते.

पहा : अफू, खसखस.