दुसरी मोडी



आयोजकांनी पत्रिकेत 'तंत्रज्ञान आणि भाषा' असं भारदस्त नाव छापलंय. आम्हाला विचारायचा आहे तो प्रश्न मात्र साधा आहे. आज आपण मोबाइलवर, कॉम्प्युटरवर जे मराठी लिहितो, ते आपल्या नातवंडांना वाचता येईल का? नातवंडं इंग्रजी शाळेत जातात, त्यांना मराठी येत नाही, हे रडगाणं आम्हाला गायचं नाही. त्यांना उत्तम मराठी येतं असं धरून चला. तरी वाचता येईल का?

असं एकदा आपल्याकडे घडून गेलेलं आहे. हिंगणा तालुक्यात ज्यांच्या घरी पिढीजात शेती आहे, त्यांच्यापैकी कुणाकडे तरी पेटीच्या तळाशी पिवळे पडलेले कागद असतील. भाषा मराठी, मजकूर आपल्याच आजोबा-पणजोबांचा, आणि आपल्याला एक ओळ लागत नाही. कारण ते मोडीत आहे. देवनागरीला तेव्हा बाळबोध म्हणत. ती पोथ्यांची लिपी. हिशेब, खतपत्रं, सरकारी कागद, घरची पत्रं सगळी मोडीत. हात न उचलता भराभर लिहिता यावं यासाठीच ती घडलेली होती.

मग छापखाना आला. बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरे यांनी 1805 साली मराठीचं व्याकरण छापलं आणि 1810 साली कोश. त्यांना मराठी शिकवायला, मजकूर तपासायला जे पंडित होते, ते वैजनाथ शर्मा आपल्या नागपूरकडचे, बरं का! त्या कोशासाठी मोडीचे खिळेसुद्धा पाडले गेले होते. हे मुद्दाम सांगतो, कारण 'यंत्रानं मोडी मारली' असं आपण सहज बोलून जातो. मोडी छापता येत होती. पण पुढे छापखानेवाल्यांना, शाळाखात्याला आणि सरकारला बाळबोध सोयीची वाटली, म्हणून मोडी मागे पडली. मुंबई सरकारनं 1917 साली कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोध ठरवली. आपण तेव्हा मध्य प्रांतात. तो हुकूम आपल्याला लागू नव्हता, पण गत तीच झाली.

या निर्णयाचं बिल शंभर वर्षांनी आलं. 2023 साली मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि जुनी दप्तरं उघडली तेव्हा मोडी वाचणारी माणसं शोधत फिरावं लागलं. आरक्षणाच्या वादात आम्ही इथे शिरत नाही. एवढंच पाहा, की एखाद्याच्या मुलाचं शिक्षण, नोकरी, दाखला एका ओळीवर अडलेला आहे. ती ओळ समोर आहे, ती त्याच्याच भाषेत आहे, आणि ती वाचायला परका माणूस आणावा लागतो.

मधला काळ आम्ही भराभर ओलांडतो. देवनागरीचे खिळे शेकड्यांनी लागत. ते कमी करायची खटपट टिळकांनी केली. सावरकरांनी रत्नागिरीला असताना लिपिशुद्धीची चळवळ केली आणि 'इ'च्या जागी 'अ'ला वेलांटी द्यायची रीत सुचवली. ती काही वर्षं छापली गेली, पण लोकांच्या हातात बसली नाही. मग टंकलेखनयंत्र आलं. पन्नासच्या आत कळा आणि त्यात आपली सगळी बाराखडी, जोडाक्षरं कोंबायची! नागपूर 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी, म्हणजे कचेरीत हिंदी आणि मराठी दोन्ही. एकच लिपी म्हणून काम भागे. पण हिंदीला 'ळ' फारसा लागत नाही आणि 'वऱ्हाड' शब्दातला तो आडवा 'र' तर लागतच नाही. तो 'र' लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. साधारण 1990 नंतर गल्लोगल्ली डीटीपीची दुकानं निघाली. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, स्मरणिका, प्रबंध, कोर्टाचे अर्ज सगळं कॉम्प्युटरवर होऊ लागलं. पडद्यावर सुबक मराठी दिसे. पण कॉम्प्युटरच्या पोटात मराठी नव्हतीच! पोटात होती इंग्रजी अक्षरं, आणि फॉण्ट त्यांच्यावर देवनागरीचे मुखवटे चढवत होता. कृतिदेव फॉण्टमध्ये 'भारत' लिहिलं, तर आत साठवलं जातं एच, के, के, जे, आर. श्रीलिपीत वेगळं, सुरेखमध्ये आणखी वेगळं. म्हणजे प्रत्येक दुकान आपापल्या सांकेतिक लिपीत लिहीत होतं आणि आपल्याला वाटत होतं की सगळे मराठीत लिहिताहेत.

बरं, पर्याय नव्हता असंही नाही. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचं प्रमाण 1991 साली ठरलं, त्याच साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली. पुण्यात 1988 पासून सी-डॅक उभी होती. तरी पुढची पंधरा-वीस वर्षं आपण मुखवटेच वापरले. का? छापून कागद हातात आला की काम झालं, ही आपली समजूत. फाइल ही स्वतःच एक दप्तर आहे हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मोडीच्या वेळी जसं सोयीपुढे पाहिलं नाही, तसंच.

एका महाविद्यालयाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या फाइली काही वर्षांमागे आमच्याकडे आल्या. जुन्या प्राध्यापकांच्या आठवणी, गावचा इतिहास, फार चांगला मजकूर. छापील प्रती वाळवीनं खाल्लेल्या. फाइल उघडली तर पानंच्या पानं इंग्रजी अक्षरांची खिचडी. फॉण्ट कोणता होता हे सांगणारा माणूस हयात नाही. अशा फाइलींचं युनिकोड करून देणारे परिवर्तक आहेत, फुकटही मिळतात. पण त्यांना आधी फॉण्टचं नाव सांगावं लागतं. आम्ही चार-पाच नावं लावून पाहिली. एकानं बराच मजकूर जमला, मात्र जोडाक्षरं मोडली आणि आडवा 'र' सगळीकडून गळाला. ही आम्ही म्हणतो ती दुसरी मोडी. पहिलीला शंभर वर्षं लागली, हिला वीससुद्धा पुरली.

युनिकोडनं हे दुखणं मोठ्या प्रमाणात मिटवलं, यात शंका नाही. पण तिथेही मराठी मागच्या दारानं शिरली. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' जेवू घातलं आणि 'आचाऱ्यांना' जेवू घातलं, यांत फरक आहे की नाही? तो फरक त्या आडव्या 'र'वर उभा आहे. युनिकोडच्या तक्त्यात त्याला स्वतःची जागा नाही. खाली टिंब असलेला एक 'र' आहे, जो द्राविडी भाषांतला उच्चार दाखवण्यासाठी ठेवलाय, त्याचं अर्धं रूप म्हणून आपला 'र' मिळतो. दुसरी वाटही आहे: साधा 'र', हलन्त, आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. दोन्ही वाटांनी 'वऱ्हाड' लिहा, डोळ्यांना तिळमात्र फरक दिसणार नाही. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द.

लाइब्निट्स नावाचा जर्मन तत्त्ववेत्ता म्हणतो, दोन वस्तूंत कसलाच फरक नसेल तर त्या दोन नव्हेतच, एकच आहेत. वर्गात हे शिकवताना आम्हाला उदाहरण मिळत नसे. आता हा 'र' सापडलाय! वाचणाऱ्या माणसाला एक, शोधणाऱ्या यंत्राला दोन. गंमत बाजूला ठेवा. मतदारयादीत किंवा जमिनीच्या नोंदीत कुऱ्हाडे आडनाव एका वाटेनं टंकलं असेल आणि शोधताना तुम्ही दुसऱ्या वाटेनं टंकलंत, तर यंत्र सांगेल की असा माणूसच नाही. शोधणारी यंत्रणा नीट बनवली तर दोन्ही वाटा एक धरता येतात. पण तसं सांगावं लागतं, आणि सांगणारा मराठी माणूस तिथे बसलेला असावा लागतो.

आता रोजच्या मोबाइलकडे या. गावच्या ग्रुपवर नळाला पाणी नसल्याची सूचना येते ती फोटोत. सभेचा ठराव फोटोत. माणूस गेल्याची बातमीसुद्धा फुलांच्या चौकटीत, फोटोत. पुढच्या वर्षी तो गृहस्थ कोणत्या तारखेला गेला हे ग्रुपवर शोधायला जा, सापडणार नाही. चित्रातली अक्षरं ओळखणारी यंत्रं आली आहेत, मराठीही बरीच ओळखतात. पण फोटो तर जपलेला हवा! फोन भरला की आपण पहिले तेच पुसतो.

तरुण मुलं रोमन लिपीत मराठी लिहितात, त्यावर आमचे समवयस्क फार चिडतात. आम्ही तितके चिडत नाही, ती निदान लिहितात तरी. अडचण वेगळी आहे. 'मला', 'माला' आणि 'मळा' तिन्ही रोमनमध्ये एकसारखेच. आज पाठवणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला संदर्भ माहीत आहे. तीस वर्षांनी कुणाला असेल? आणि 'ळ'चा अभिमान सांगणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं, की आपल्याकडची जुनी माणसं 'डोळा'ला 'डोया'च म्हणत आली. बोलण्यात 'य', लिहिण्यात 'ळ', कुणाचं काही अडलं नाही. लेखन स्थिर होतं म्हणून बोली मोकळी राहू शकली.

यावर उपाय म्हणून लोक सांगतात, टंकूच नका, फोनशी बोला. आम्ही बोलून पाहिलं. 'मले सांग' म्हटलं की पडद्यावर 'मला सांग' उमटतं. 'कायले' म्हटलं की भलतंच काहीतरी. यंत्र छापील मराठीवर शिकलंय आणि छापील मराठी कुठली, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. म्हणजे उद्या कुणी हिंगण्याची बोली अभ्यासायला निघाला आणि आपण बोलून लिहिलेले संदेश त्यानं वाचले, तर त्याचा ठाम समज होईल की इथे 'मले' कुणी म्हणतच नव्हतं.

ज्यांच्या घरी 1990 ते 2010 या काळातल्या मराठी फाइली, सीडी, फ्लॉप्या पडल्या असतील, त्यांनी दोन गोष्टी याच आठवड्यात कराव्यात. ज्यानं टंकलं तो माणूस असेल तर त्याला फॉण्टचं नाव विचारून पाकिटावर लिहून ठेवा. आणि छापील प्रत हाती असेल तर ती फेकू नका, परिवर्तित मजकूर तपासायला तिच्याशिवाय दुसरं साधन नाही. मोडी कागद असतील तर तेही टाकू नका. युनिकोडमध्ये मोडीला 2014 साली जागा मिळाली आहे. 'वऱ्हाड'मधल्या 'र'ला अजून स्वतःची नाही.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या भाऊंचा हात केव्हाचा वर आहे, आधी त्यांना माइक द्या.