द्राक्षारसाला गुण देणारे

परदेशी द्राक्षारसाच्या बाटलीच्या गळ्यात हल्ली ९१ किंवा ९४ असा आकडा अडकविलेला दिसतो. शाळेच्या गुणपत्रिकेवर वाढलेल्या आपल्या मनाला त्याचा अर्थ लगेच उमगल्यासारखा वाटतो. परंतु तो आकडा नेमके काय मोजतो, हे पाहू गेल्यास आम्हाला फ्रान्सच्या इतिहासात शिरावे लागते.

१८५५ साली, तिसऱ्या नेपोलियनच्या कारकिर्दीत, पॅरिस येथे जागतिक प्रदर्शन भरले. त्या निमित्ताने बोर्दोच्या व्यापारी मंडळाने आपल्या प्रदेशातील उत्तम द्राक्षारसांची यादी दलालांकडे मागितली. हे दलाल म्हणजे मळेवाले व व्यापारी यांच्यामध्ये राहून सौदे जमविणारे लोक. कोणत्या मळ्याचा माल वर्षानुवर्षे काय भावाने गेला, हे त्यांना तोंडपाठ असे. १८ एप्रिल रोजी त्यांनी तांबड्या द्राक्षारसाच्या पाच श्रेणी लावून दिल्या. पहिल्या श्रेणीत लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियाँ हे चारच मळे बसले. (या लातूरचा आपल्या लातूरशी काही संबंध नाही!)

या कामासाठी पेला ओठाला लावण्याची गरज दलालांना भासली नाही. भाव हीच त्यांची कसोटी. आम्हाला त्यात लबाडी दिसत नाही; ज्या मालाला गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्या अधिक दाम मोजते, तो बरा असणार, हा तर्क बाजारात वावगा नव्हे. नवल एवढेच की, प्रदर्शनापुरती केलेली ही यादी पुढे शिलालेखासारखी अढळ झाली. मळ्यांचे मालक बदलले, जमिनी वाढल्या, घटल्या. यादी जवळजवळ तशीच राहिली. दुसऱ्या श्रेणीतील मूटाँ-रोथशील्डला पहिलीत चढण्यासाठी १९७३ साल उजाडावे लागले. त्या आदेशावर तेव्हाचे कृषिमंत्री झाक शिराक यांची सही आहे.

चाखून आकडा देण्याच्या रीतीला अमेरिकेत विशेष बळ मिळाले. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठात मेनार्ड ॲमरिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस गुणांची पद्धत बसविली, ती मुख्यतः गढूळपणा, आंबूस वास असे दोष ओळखता यावेत म्हणून. पुढे १९७८ साली रॉबर्ट पार्कर या मेरिलँडच्या वकिलाने जाहिरातींवाचून चालणारे आपले पत्रक काढले आणि शाळेप्रमाणे शंभरपैकी गुण देण्यास आरंभ केला. मात्र पन्नास गुण प्रत्येक बाटलीला आधीच बहाल! म्हणजे ऐंशी गुण मिळविणारा द्राक्षारस खरे पाहता पन्नासपैकी तीस गुणांचा मानकरी. बोर्दोच्या १९८२ च्या हंगामाबद्दल काही जाणकार साशंक असता पार्कर यांनी त्याची मुक्तकंठाने स्तुती केली. ती बाजाराने मान्य केली आणि त्यांचा शब्द वजनदार झाला. १८५५ मध्ये भावावरून श्रेणी ठरली होती. आता गुणांवरून भाव ठरू लागला. पार्कर २०१९ मध्ये निवृत्त झाले, पण आकड्यांचा धाक सरला नाही. नव्वदीच्या अलीकडे की पलीकडे, यावर लहान मळेवाल्याचा वर्षभराचा घाम विकला जातो की पडून राहतो, हे अवलंबून असू शकते.

असाच एक लहान मळेवाला म्हणजे कॅलिफोर्नियातील प्राध्यापक रॉबर्ट हॉजसन. त्यांचा द्राक्षारस एका स्पर्धेत सुवर्णपदक मिळवी आणि दुसऱ्या स्पर्धेतून रिकाम्या हाताने परते. हे कोडे सोडविण्यासाठी त्यांनी त्या राज्याच्या वार्षिक जत्रेतील स्पर्धेत २००५ पासून एक प्रयोग केला. परीक्षकांपुढे सुमारे तीस पेल्यांची रांग मांडली जाई. त्यांत एकाच बाटलीतून भरलेले तीन पेले, परीक्षकांना न सांगता, मिसळलेले असत. एकाच परीक्षकाने त्याच द्राक्षारसाला दिलेले गुण सहज चार-चारांनी वर-खाली होत. तिन्ही पेल्यांना एकाच पदकाच्या पंक्तीत बसविणारा परीक्षक दहांत एखादाच निघाला. २००८ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या निवडक परीक्षकांची तरी जीभ अचूक असेल, असे आम्हालाही वाटले होते; परंतु एका वर्षी स्थिर ठरलेले परीक्षक पुढच्या वर्षी इतरांसारखेच डळमळले.