ठेवपावतीचे कुळ

सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शाळा चालविल्या, दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांना आश्रय दिला आणि उपासनेसाठी मंदिरे उभारली. परंतु या कार्याचा मोठा आधार बोस्टनच्या मिशन बोर्डाकडून येणारे द्रव्य हाच होता, आणि ते द्रव्य कर्ज नसून दान होते. ज्या काँग्रिगेशनल पंथाच्या वर्गणीवर हे मिशन पोसले गेले, त्याने स्वदेशात मात्र दानाच्या जोडीला कर्जाचाही मार्ग चोखाळला. चर्चच्या कर्जनिधीत पैसा गुंतवून मुदतीचे प्रमाणपत्र घेण्याची जी रीत अमेरिकेत आज प्रचलित आहे, तिची एक शाखा येथे निघते.

व्यवहाराचे स्वरूप साधे आहे. मंडळीतील सभासद निधीकडे ठरावीक मुदतीसाठी रक्कम ठेवतो. त्याला मुद्दल, व्याजाचा दर व परतफेडीची तारीख नमूद केलेला कागद मिळतो. निधी ती रक्कम किंचित अधिक दराने एखाद्या नव्या मंडळीस इमारतीसाठी देतो, आणि ती मंडळी आठवड्याच्या अर्पणातून हप्ते फेडते.

परंतु धर्मसंस्थेने व्याज घ्यावे काय, हा प्रश्न त्याआधी सुटणे अवश्य होते. इटलीतील पेरूजा येथे १४६२ मध्ये फ्रान्सिस्कन साधूंच्या प्रेरणेने गरिबांसाठी तारणपेढी निघाली, आणि ती खर्चापुरती जी अल्प आकारणी करी, तिच्यावर व्याजबट्ट्याचा आरोप आला. हा वाद पन्नास वर्षे चालला. अखेर १५१५ मध्ये दहावा लिओ पोप असताना लॅटरन परिषदेने अशी आकारणी निर्दोष ठरविली. पुढे १८५२ साली ऑल्बनी येथे भरलेल्या परिषदेत काँग्रिगेशनल मंडळ्यांनी पश्चिमेकडील वसाहतींत मंदिरे बांधण्यासाठी पन्नास हजार डॉलर उभारण्याचे ठरविले. मेथडिस्टांनी १८६४ नंतर खास कर्जनिधी काढून त्यात पैसा देणाऱ्यास तहहयात वर्षासन देण्याची सोय केली. अशा साहाय्याच्या बदल्यात मंदिराचे गहाणखत लिहून घेण्याचा प्रघातही पडला, कारण मंडळी विखुरली तर निदान वास्तू तरी निधीच्या हाती राहावी, एवढी व्यवहारदृष्टी त्या धर्मनिष्ठांपाशी होती.

आपल्याकडे ठेवीच्या या कागदाचे नाते निराळ्या वाटेने जुळले. १८७५ च्या दंग्यांत दख्खनच्या रयतेने सावकारांच्या घरांतील कर्जरोखे हुडकून जाळले, आणि त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा व अहमदनगर यांच्याबरोबर सोलापूर जिल्ह्यासही लागू झाला. त्या अन्वये कुणब्याने करावयाचे खत गावनिबंधकासमोर, त्यास मजकूर समजावून देऊन, लिहावे लागे. रयतेचे रक्षण झाले खरे, परंतु भांडवल कोठून आणावे हा पेच कायम राहिला.

त्याचे उत्तर जर्मनीत सापडले. राइफआइझेन या धर्मनिष्ठ ग्रामप्रमुखाने १८६४ मध्ये हेडेसडॉर्फ येथे जी पतपेढी काढली, तीत कार्यक्षेत्र एका गावापुरते आणि सर्व सभासदांची जबाबदारी अमर्याद असे. म्हणजे कर्ज मागणाऱ्याची ऐपत व नियत या दोन्ही गोष्टी जामीन राहणाऱ्यांना प्रत्यक्ष ठाऊक असत. मद्रास सरकारसाठी फ्रेडरिक निकल्सन यांनी १८९५ पासून सादर केलेल्या अहवालात याच पद्धतीची शिफारस झाली आणि १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. त्याच्या आधारे १९०९ मध्ये छोटा नागपुरात फादर हॉफमन यांनी कॅथॉलिक सहकारी पतसंस्था स्थापिली. पुढे १९१८ मध्ये वसईत मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस यांनी तशीच संस्था उभी करून आजच्या बसीन कॅथॉलिक बँकेचा पाया घातला. त्याच वर्षी सोलापूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकही स्थापन झाली. पुढाकार वसईत धर्मगुरूचा होता, सोलापुरात तसा नव्हता. तरीही दोहोंची कीर्द-खतावणी एकाच सहकारी कायद्याच्या शिस्तीत आली.

अमेरिकेतील प्रमाणपत्र आपल्या मंडळ्यांत जसेच्या तसे का आले नाही, याचा उलगडा यातच आहे. लोकांकडून ठेवी घेण्यास येथे नियामकाचे छत्र लागते, आणि अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणाऱ्या २०१९ च्या कायद्याने हे बंधन अधिकच कडक केले. छत्र असूनही विपत्ती टळतेच असे नाही : सोलापूरच्या त्या मध्यवर्ती बँकेवर ऐन शतकपूर्तीच्या वर्षी, २०१८ मध्ये, थकीत कर्जांच्या ओझ्यामुळे प्रशासक नेमावा लागला.

या वंशावळीत विश्वास पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आणि प्रत्येक पिढीने त्याला एकेक तारण जोडले : कोणी गहाणखत, कोणी शेजाऱ्याची जामीनकी, कोणी निबंधकाची तपासणी. देवाचे किंवा समाजाचे नाव हे त्यांपैकी कोणाच्याही लेखी पुरेसे तारण ठरले नाही. म्हणून बँकेतील ठेवीस प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विमा असतो आणि साध्या पतसंस्थेतील ठेवीस तो नसतो, एवढा भेद तरी पावतीवर सही-शिक्का घेण्यापूर्वी ठेवीदाराने विचारून घ्यावा, आणि संस्थेची पैसे परत करण्याची रीत पाहूनच मुदत ठरवावी.