पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाताय? बॅगेत आधी ही फाईल टाका

सातवा महिना लागला, डोहाळजेवण झालं की पहिलटकरीण माहेरी जाते. ही पद्धत महाराष्ट्रात अजूनही टिकून आहे. आराम मिळतो, आईच्या हातचं खायला मिळतं. पण सहा महिने तपासणारे डॉक्टर एका गावात राहतात आणि बाळंतपण करणारे दुसऱ्या. रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या, तर नव्या डॉक्टरांना त्या बाईबद्दल जे कळतं ते तिच्या फाईलमधूनच.

यातला सगळ्यात कामाचा कागद म्हणजे माता-बाल संरक्षण कार्ड. 12 आठवड्यांच्या आत नाव नोंदवलं की आरोग्यसेविका किंवा आशाताईंमार्फत ते मिळतं. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, टीडी लसीचे डोस, सगळं त्यावर लिहिलेलं असतं. तपासणी खासगी दवाखान्यात होत असेल तर तिथले रिपोर्ट सोबत हवेत. सोनोग्राफीचा फोटो स्टेटसला ठेवायचा आणि रिपोर्ट कपाटातच विसरायचा, असं अनेकदा होतं.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर?

आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि वडिलांचा पॉझिटिव्ह असेल, तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. बाळाचं रक्त आईच्या रक्तात मिसळलं की तिच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. पहिल्या बाळाला सहसा त्रास होत नाही, धोका पुढच्या बाळाला असतो. तो टाळण्यासाठी अँटी-डी इंजेक्शन देतात. साधारण 28 व्या आठवड्यात एक, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत दुसरं. आता 28 वा आठवडा म्हणजे नेमका सातवा महिना, ओटी भरण्याची आणि प्रवासाची गडबड. हे इंजेक्शन इथे घ्यायचं की तिथे, हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारलेलं बरं.

गर्भारपणातल्या किमान चार तपासण्यांपैकी तिसरी 28 ते 34 आठवड्यांत येते, तीही याच धावपळीत राहून जाते. म्हणून माहेरी पोहोचल्यावर कळांची वाट न बघता पहिल्या आठवड्यातच तिथल्या दवाखान्यात नाव घालावं. सरकारी रुग्णालयांत दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर महिलांची खास तपासणी मोफत होते.

लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या संपू देऊ नयेत, पण दोन्ही एकाच वेळी घेऊ नयेत. कॅल्शियममुळे लोह नीट शोषलं जात नाही. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर तो आकडा नव्या डॉक्टरांना आवर्जून सांगावा.

कधी थांबायचं नाही?

रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणं, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटके, बाळाची हालचाल मंदावणं. यातलं काहीही झालं तर ‘सकाळी बघू’ म्हणू नये. सरकारी रुग्णालयात जाण्या-येण्यासाठी 102, तातडीच्या वेळी 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. सरकारी रुग्णालयात सिझेरियनसह बाळंतपण आणि औषधं मोफत आहेत.

आणि हो, बाळाच्या जन्माची नोंद बाळ जिथे जन्मलं तिथेच होते, सासरच्या गावी नाही. मुदत 21 दिवसांची. दवाखान्यातून निघतानाच आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग आधारशी ताडून बघावं, म्हणजे दुरुस्तीसाठी पुन्हा माहेरच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.