चौघे एकदम विसरत नाहीत

१६२३ साली पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा इटालियन प्रवासी गोव्याहून पोर्तुगीज वकिलाबरोबर इक्केरीच्या वेंकटप्पा नायकाकडे निघाला. वाटेत सामानाची बांधाबांध होईपर्यंत तो एका देवळाच्या ओसरीत थांबला. तिथे चार लहान मुले जमिनीवर बारीक वाळू पसरून बोटाने धडा लिहीत होती आणि तोच सुरात म्हणत होती. जागा भरली की पुसायची, लागली तर आणखी वाळू टाकायची. जवळ पंतोजी कोणी नव्हते. मग विसरलात तर दुरुस्त कोण करणार, असे त्याने विचारले. मुलांच्या उत्तराचा अर्थ असा, की आम्ही चौघेही एकच गोष्ट एकदम विसरू, असे होत नाही.

पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात हे वाचले आणि मला आमचे बोरगाव आठवले. पण त्याआधी या वाळूचे पुढे काय झाले ते सांगतो.

१७८९ मध्ये अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री मद्रासच्या लष्करी अनाथालयातील शाळेचा प्रमुख झाला. देशी शाळेतली मुले वाळूत अक्षरे गिरवताना त्याने पाहिली. त्याच्या मास्तरांना हा प्रकार पसंत पडेना, तेव्हा त्याने मुळाक्षरांचा वर्ग आठ वर्षांच्या एका मुलाच्याच हाती दिला आणि तो उत्तम चालला. १७९७ मध्ये लंडनला त्यावर पुस्तक निघाले आणि ‘मद्रास पद्धत’ गाजली. जोसेफ लँकेस्टरनेही तिथे अशाच शाळा काढल्या. एक मास्तर, शेकडो मुले, मध्ये मॉनिटर. खर्च कमी! खोडकर पोराला टोपलीत घालून छताला टांगायची शिक्षाही होती म्हणे. पुढे १८२० च्या दशकात हीच पद्धत ‘सुधारणा’ म्हणून मुंबई इलाख्यातल्या मराठी शाळांत आली. आमच्या पंतोजींच्या शाळेत तर थोरल्याने धाकट्याचा कित्ता पाहायचा हे आधीपासूनच होते.

पण ओसरीवरची चार मुले आणि लँकेस्टरचा मॉनिटर एक नव्हेत, असे मला वाटते. तिथे कोणी कोणाच्या वर नव्हता. मॉनिटर म्हणजे बिनपगारी मुकादम. सरकारी कचेरीत इतकी वर्षे काढल्यावर हा फरक चटकन ओळखता येतो.

आता बोरगाव. निपाणीच्या बाजूचे, सीमेवरचे गाव. मी हायस्कुलात गेलो तेव्हा १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाला सात-आठ वर्षे झाली होती, पण घराघरांत ते ताजेच होते. मी कन्नडची वही उघडली की काकांच्या कपाळाला आठी पडे. विषय मात्र होता आणि त्यात पास व्हावेच लागे. आमच्या मराठी वर्गात घरी कन्नड बोलणारी दोन मुले होती. त्यांचे मराठी निबंध लाल शाईने भरून येत, आमच्या कन्नड वह्या तशाच. मग शाळा सुटल्यावर देवळाच्या कट्ट्यावर आम्ही चौघे वह्यांची अदलाबदल करू लागलो. हे कोणी सांगितले नव्हते, आणि घरी तर मुळीच सांगण्यासारखे नव्हते.

कन्नडात ‘ए’ आणि ‘ओ’ ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन-दोन असतात, हे मला तिथे कळले. ‘कोडु’तला ओ ऱ्हस्व असेल तर ‘दे’, दीर्घ असेल तर ‘शिंग’. मी इमानाने सगळीकडे शिंगे देत होतो! त्यांची अडचण उलटी. कन्नडात निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी, त्यामुळे वही फाटलं, गाडी आलं. वही ‘ती’ का, असे त्यातल्या एकाने विचारले, तेव्हा मला पहिल्यांदा कळले की मलाही ते ठाऊक नाही. गुरुजींना विचारले तर ‘तसेच असते’ म्हणाले.

कन्नडात मी पास झालो, काठावर. काकांनी गुणपत्रिका पाहून एक अक्षर काढले नाही.

त्या दोघांपैकी एकाचा अजून मोबाईलवर निरोप येतो. गेल्या महिन्यात लिहिले होते, ‘पणजीची गाडी चुकलं, उद्या येतो.’ मी ‘चुकली’ करून परत पाठवले. तासाभराने माझाच जुना कन्नड निरोप आला. त्यातल्या एका ओला त्याने दीर्घाची खूण लावली होती.