सूर्यग्रहणाच्या वेधांसाठी स्थलनिवड : १८६८ आणि १८९८

विजयदुर्ग किल्ल्यावर हेलियमचा शोध लागला, असे विधान मराठी वृत्तपत्रांत वारंवार आढळते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर यांनी येथूनच सूर्याचे वेध घेतले, असा त्याचा आशय असतो. या विधानाची तपासणी करावयाची, तर ग्रहण पाहण्याची जागा त्या काळी कोणत्या निकषांवर ठरत असे, हे आधी पाहावे लागते.

१८६८ चे ग्रहण ऐन पावसाळ्यात आले होते. खग्रासाचा पट्टा पश्चिम किनाऱ्यावरून दख्खन ओलांडून पूर्व किनाऱ्याकडे जात होता. परंतु ऑगस्टात कोकणात सूर्यदर्शनाचीच शाश्वती नसते. साहजिकच निरीक्षकांनी सह्याद्रीपलीकडचा पर्जन्यछायेचा प्रदेश किंवा त्याहून पूर्वेकडचा मुलूख पसंत केला. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल, विजापुरास कॅप्टन हेग, गुंटूरला मेजर टेनंट व फ्रेंच शास्त्रज्ञ झान्सेन, तर मच्छलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे पॉगसन यांनी तळ दिला. एवढी खबरदारी घेऊनही जमखंडीत ढगांनी हर्शेल यांची कसोटी पाहिली. उघडीप मिळाली तेवढ्या अवधीत त्यांना सौरज्वालांच्या वर्णपटातील तेजस्वी रेषा दिसल्या. झान्सेन यांचे दैव अधिक अनुकूल होते. ग्रहण नसतानाही या ज्वालांचे वेध घेता येतील, हे त्यांनी ताडले व दुसऱ्याच दिवशी तसे करून दाखविले.

या यादीत लॉकियर कोठेच नाहीत, कारण ते त्या वर्षी इंग्लंडमध्येच होते. २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहणाविना, त्यांनी स्वतंत्रपणे तीच पद्धत यशस्वी केली. उभयतांची निवेदने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला आली. सोडियमच्या रेषांशी न जुळणारी पिवळी रेषा लॉकियर यांनी निश्चित केली, तीही इंग्लंडमधूनच.

लॉकियर विजयदुर्गास आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. या वेळी ऋतू कोरडा असल्याने पावसाची भीती उरली नव्हती. प्रश्न होता तो अवजड उपकरणे व माणसे पोहोचविण्याचा. विजयदुर्गास बंदर होते. 'मेलपोमिनी' या युद्धनौकेवरील अधिकारी व खलाशी लॉकियर यांना साहाय्यक म्हणून लाभले. सुमारे दोन मिनिटांच्या खग्रास अवस्थेत एकाच वेळी अनेक यंत्रे चालवावयाची, तर असे शिस्तीचे मनुष्यबळ हाताशी असणे हीच मोठी सोय होती. इतरांनी रेल्वेचा आधार घेतला. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला, तसेच अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल सोलापूरच्या मार्गावरील जेऊर येथे उतरले. न्यूऑल पुलगावला, तर मॉण्डर दांपत्य वऱ्हाडातील तळणीला गेले.

तोपर्यंत हेलियम पृथ्वीवरही सापडून गेले होते. रॅमझे यांनी १८९५ मध्येच ते एका खनिजातून वेगळे केले होते. किल्ल्यावरील ज्या ओट्यांना आज 'साहेबाचे ओटे' म्हणून ओळखले जाते, त्यांचा संबंध या दुसऱ्या ग्रहणाशी जोडणेच सयुक्तिक ठरते. दुर्दैवाने या आख्यायिकेच्या गजबजाटात जेऊर मागे पडले. नायगमवालांचा तेथील वेधांवरील अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रहणाच्या या साऱ्या इतिहासात एका भारतीय शास्त्रज्ञाने स्वतः योजिलेली मोहीम म्हणून तो अधिक अभ्यासला जावयास हवा होता.