तळटीप १२ : मिस फरार
१२. सिंथिया फरार (१७९५–१८६२). अमेरिकन मराठी मिशनच्या मुलींच्या शाळांसाठी त्या १८२७ साली, बत्तिसाव्या वर्षी, मुंबईत आल्या. अविवाहित बाईने असे परदेशी जाणे अमेरिकेतही तेव्हा नवलाचेच. १८३९पासून त्या अहमदनगरला होत्या. तिथली त्यांची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले. पुण्यात फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती १८४८ साली. फरारबाईंचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे झाकू नये; पण मुलींच्या हाती पाटी आली, हे ऋणही विसरू नये. फरारबाईंची पत्रे जहाजाने महिनोन्‌महिन्यांनी पोचत. त्या नगरलाच वारल्या.